ठराव मंजूर: घूं आहे

३ एप्रिल १९८३, रविवार

हेमचंद्र म्हणाले, "गुणाजीराव, जे जोडाल ते वहीत लिहून ठेवा. काय जोडलं, काय जळलं, कोण काय म्हणालं. नाहीतर तीच चूक तीनदा कराल."

हेमचंद्रांचं गिरगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. संपाला सव्वा वर्ष झालं, त्यातलं वर्षभर मी त्यांच्याकडे सोल्डरिंग शिकतो आहे. त्याआधी बावीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात चार साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. ताण्याची एक तार तुटली तरी मला चार हातांवरून दिसायची. तेव्हा तीच चूक तीनदा करणाऱ्यांतला मी नव्हे. पण गुरूचा शब्द, म्हणून वही आणली.

५ एप्रिल, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक मिळालं. हरेश्वर, शिवडी कोळीवाड्यातला. त्याची बायको आमच्या गिरणीच्या गेटासमोर मासे विकायची, तेव्हापासूनची ओळख. त्याची बेंजो पार्टी आहे, हळदीत वाजवतात. आता त्याच्याच मुलीची हळद अठरा मेला आहे आणि भाड्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याला नको. म्हणाला, "माज्या पोरीच्या हळदीला तुजा डबा वाजला ना गुणाजी, तर आनकी चार पारट्या तुज्याकडेच येतील. मी घेऊन येतो त्यांना."

घरी येऊन जाईला सांगितलं. जाई म्हणजे माझी बायको. तिचा भाऊ गावाहून सारखा लिहितो आहे की खोलीला कुलूप घाला, पेरणीच्या आधी गावी या, इथे संपात बसून काय खाणार. जाई समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हळद होईसर थांबतंय. डबो वाजलो तर बरा. नायतर कुलूप."

म्हणजे अठरा मे. डबा वाजला तर लालबाग, नाही वाजला तर नांगर. नांगर मला धरता येत नाही, हे तिच्या भावाला अजून माहीत नाही.

९ एप्रिल, शनिवार

अ‍ॅम्प्लिफायर वाजला. पण पाठीमागून घूं येते. हेमचंद्र तिला हमिंग म्हणतात, मी घूं म्हणतो. घरातली वीज उलटसुलट धावते. तिला सरळ करून अ‍ॅम्प्लिफायरला पाजायची असते. नीट सरळ झाली नाही की तिचा खडबडीतपणा स्पीकरमधून ऐकू येतो. जाई म्हणाली, शेजारच्यांनी विचारलं, तुमच्याकडे गिरण आली काय दळणाची.

हेमचंद्रांनी उपाय सांगितला: मध्ये रेग्युलेटर घाला. तयार चकती मिळते, तीन पायांची. मी म्हटलं, त्या काळ्या टिकलीच्या पोटात काय चाललंय ते मला दिसत नाही. शिवाय आपल्याला चाळीस व्होल्ट हवेत, तिला एवढे झेपायचे नाहीत. मी सुट्या भागांचाच करणार.

११ एप्रिल, सोमवार

लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेण्यात दिवस गेला. रेग्युलेटर काय करतो ते मला एकदम समजलं, कारण ते आमच्याच कामासारखं आहे. झेनर नावाचा एक बारका भाग असतो, तो आपल्या व्होल्टेजवरून हलत नाही. आमच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासणारा बसायचा, तसा. दुसरा लहान ट्रान्झिस्टर बाहेर जाणारी वीज त्या झेनरशी ताडून बघतो. जास्त झाली, कमी झाली, की तो मोठ्या ट्रान्झिस्टरला सांगतो: आवळ, सैल सोड. मोठा नुसता हमाल. पण ही ताडाताडी सेकंदाला हजारो वेळा चालते, चहाला सुट्टी नाही.

संध्याकाळी जोडला. चालू केला. जाई म्हणाली, "आता काय आवाज येणा नाय. बरा झाला."

मी कान लावला. येते. बारीक आहे, पण येते.

जाई म्हणाली, "माका कायएक आयकाक येणा नाय." तिला कामं पडली असतील, म्हणून म्हणाली. कापडाला आणि आवाजाला नजर लागते, ती सगळ्यांना नसते.

१४ एप्रिल, गुरुवार

पाडवा. गुढीला गोडाधोडाचं काही नव्हतं, पण जाईने गुळाचा खडा दिला.

आज एक गोष्ट लिहावीशी वाटते. संपापासून माणसं फार हळू बोलायला लागली आहेत. रेशनवाला हळू बोलतो, पोस्टमन हळू बोलतो, परवा तर जिन्यात चाळीचे मालक काहीतरी पुटपुटून गेले आणि मी हो म्हटलं. मागाहून कळलं की ते भाडं वाढवायचं म्हणत होते. माणसं खचली की आवाज पडतो. मला वाईट वाटलं.

फक्त आमचे साचेवाले तेवढे खणखणीत राहिले आहेत. शिवा समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी आमच्या गॅलरीत, तो त्याच्या, मध्ये रस्ता आणि बस. तरी अर्धा तास आमचं निवांत बोलणं होतं, आवाज न चढवता. चारशे साच्यांच्या खडखडाटात ओठ वाचून बोललेली माणसं आम्ही.

जाईसुद्धा धीट झाली आहे. पूर्वी चुलीकडूनच बोलायची. आता काही सांगायचं तर हातातलं टाकून समोर येऊन उभी राहते आणि मगच बोलते. संपाने बायकांना तोंड फुटलं म्हणतात ते खरं आहे.

१७ एप्रिल, रविवार

शिवाजी पार्कला संपाची सभा होती. लवकर गेलो, पुढे जागा मिळाली. अजून माइक जोडायचे होते, मैदानात चार माणसं, आणि घूं ऐकू येत होती! म्हणजे कर्णे चाचणी घेऊन तसेच चालू ठेवले असणार. एवढी मोठी सभा आणि पॉवर सप्लाय असला भिकार. मुंबईत एकाही अ‍ॅम्प्लिफायरला धड रेग्युलेटर नाही, असं माझं मत झालं आहे. देवळातल्या कर्ण्यात आहे, घरच्या रेडिओत आहे. आता मागे वळून आठवतो, तर संप लागल्याच्या आठवड्यापासूनच ऐकतो आहे. त्याआधी लक्षच गेलं नव्हतं. रिकाम्या माणसाला बारकावे दिसतात.

माझा डबा निदान तसा नसेल. घूं पूर्ण गेल्याशिवाय तो या खोलीबाहेर जाणार नाही, हे आज शपथेवर लिहितो.

२१ एप्रिल, गुरुवार

डबा गिरगावला नेला. हेमचंद्रांकडे जुना ऑसिलोस्कोप आहे: हिरव्या काचेवर विजेचं चित्र दिसतं. घूं असेल तर रेघेला दाते पडतात.

रेघ सरळ आली. हेमचंद्रांनी बटण फिरवून दहापट मोठी केली, तरी सरळ.

"गुणाजीराव, यापेक्षा सरळ रेघ मी आयुष्यात पाहिली नाही. हळदीच्या डब्याला याच्या निम्म्यानेही चाललं असतं. सुंदर काम आहे. द्या त्याला नेऊन."

"पण येतेय ना!"

"कुठे?"

"काय कुठे? ही काय, आता येतेय."

हेमचंद्रांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा घातला. मग चहा मागवला. चांगला माणूस, पण यंत्र जुनं झालं आहे आणि तेही साठीला आले. मी जास्त ताणलं नाही.

२४ एप्रिल, रविवार

आज निकाल लावला. एकट्याच्या कानावर किती भांडायचं, म्हणून दुपारी आमचे साचेवाले बोलावले. शिवा, आमच्याच मजल्यावरचे तिघे, आणि कुशाबा. कुशाबा आमच्यात सगळ्यांत जुना. चौतीस वर्षं साच्यावर, सातारकडचा, खोटं बोलायची त्याला सवय नाही. मी धरून सहा.

चालू केला. गाणं नाही, काही नाही, नुसता कोरा डबा. सगळे डोळे मिटून बसले. पाच मिनिटं कोणी हललं नाही. मग कुशाबाने मान हलवली.

"येतीया की."

"येता," शिवा म्हणाला.

तिघांनीही हात वर केले. मला रडूच यायचं बाकी होतं. दोन आठवडे मला वेड्यात काढत होते!

कुशाबा म्हणाला, गेट मीटिंगसारखा रीतसर ठराव मांडा. मांडला: "या सभेच्या मते डब्यात घूं आहे." सूचक शिवा, अनुमोदक कुशाबा. बाजूने सहा. जाईने चहा देताना विरोधात हात वर केला, पण ती साचेखात्यातली नसल्याने धरला नाही. ठराव मंजूर.

एक नवी माहिती हाती आली. कुशाबाला घूं जाड ऐकू येते, भुंग्यासारखी. शिवाला बारीक, शिट्टीसारखी. म्हणजे दोष एक नसून दोन आहेत. आजवर मी एकाच्याच मागे होतो.

२ मे, सोमवार

जाड घूंसाठी: वीज साठवून ठेवणारे आणखी दोन मोठे कपॅसिटर, आणि एका हमालाच्या जागी दोन मोठे ट्रान्झिस्टर. बारीक घूंसाठी: झेनरला वेगळा, स्वतःचा लहान रेग्युलेटर, म्हणजे तपासणाऱ्यावरही तपासणारा. लहान ट्रान्झिस्टरऐवजी दोघांची जोडी, एकमेकांवर लक्ष ठेवायला. सगळ्या जमिनीच्या, म्हणजे अर्थच्या, तारा एका खिळ्यावर आणून बांधल्या.

पॉवर सप्लाय आता अ‍ॅम्प्लिफायरच्या तिप्पट झाला आहे. तो पलंगाजवळून चुलीपर्यंत आला. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तापणाऱ्या पट्ट्यांवर जाई विरजण लावते. म्हणते, असं दही लालबागेत कोणाकडे लागत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटीत घालून डबा दाखवते. गावी जायची घाई असलेल्या बाईला हे कौतुक कशाला, कळत नाही.

घूं आहे तेवढीच आहे.

९ मे, सोमवार

हरेश्वर आला. मी डबा चालू करून त्याला ऐकवला.

"काय आयकू?" तो म्हणाला.

"घूं."

"कुठं हाय?"

"नीट ऐक ना."

त्याने बिचाऱ्याने जमिनीवर आडवं होऊन स्पीकरला कान लावला. मग उठून बसला. "गुणाजी, अरे हळद हाय ती. तीनशे मानसं नाचनार. नवऱ्याला सोताचं नाव आयकायला येत नाय आमच्यात. तुजी घूं कोन आयकतंय रं?"

मी सांगितलं, माझ्या साच्यावरून बावीस वर्षांत डागी कापड उतरलेलं नाही. डागी डबा देणार नाही.

"आनि अठरा तारीख?"

"त्याआधी घूं काढतो."

तो जाईकडे बघत राहिला. जाई त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली आणि बराच वेळ आली नाही. मासे स्वस्त मिळतील का विचारत असावी.

१२ मे, गुरुवार

गावाहून पुन्हा पत्र. जाईने वाचून दाखवलं आणि घडी करून देवाच्या मागे ठेवलं. अजून ट्रंकसुद्धा पलंगाखालून ओढलेली नाही. ओढणार कशी, तिच्यात माझे ट्रान्सफॉर्मर आहेत. मी म्हटलं, बाहेर काढू का? म्हणाली, ऱ्हवांदे.

आज मला भीती वाटली, ती लिहून ठेवतो. संप मिटेल असं आता कोणी बोलत नाही. साचे भंगारात निघतील म्हणतात. मला या जगात दोनच कामं येतात, एक गेलं, आणि दुसऱ्यात घूं आहे. डागी डबा दिला तर चार पार्ट्यांत नाव जाईल. नाही दिला तर नांगर. झोपताना घूं जास्तच मोठी वाटते. डबा बंद करून झोपलो तरी. मोठे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ घेतात, हे हेमचंद्रांना विचारायला हवं.

१६ मे, सोमवार

हेमचंद्रांना विचारलं. किती वेळ घेतात?

"फार तर दोन मिनिटं," ते म्हणाले. मग हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "गुणाजीराव, एक करा. डब्यावर चादर टाका, बत्ती दिसता कामा नये. बटण दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. तो चालू करेल, बंद करेल, सांगणार मात्र नाही. ज्याला घूं ऐकू येईल त्याने हात वर करायचा. बघा काय होतं."

शास्त्रीय पद्धत आहे. पटली. जाईला सांगितलं, बुधवारी दुपारी बटण तू धरायचंस. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच ती कशालाच हो म्हणत नाही.

१८ मे, बुधवार

सगळं लिहून ठेवतो.

सकाळी मी गिरगावला गेलो होतो, एक शेवटचा कपॅसिटर आणायला. दुपारी येताना खालूनच पाचही साचेवाल्यांना घेऊन वर आलो. खोलीत पलंगापासून चुलीपर्यंत चादर पसरून डबा तयार. जाई पडद्यामागे, बटणाच्या बोर्डापाशी. मी नियम समजावले. ऐकू आली की हात वर, थांबली की खाली. बोलायचं नाही.

सहाही हात वर गेले.

आम्ही वाट बघितली. हात वरच. पडद्यामागून जाईचा हात मधूनमधून बटणाकडे जाताना दिसायचा. हात वरच. कुशाबाला खांदा दुखायला लागला तेव्हा त्याने डाव्या हाताने उजवा धरला, पण खाली नाही केला. शेवटी शिवा ओठांनीच म्हणाला, मागच्या वेळेपेक्षा थोडी कमी आहे. मला पटलं. नवी जोडी लागू पडली होती.

जाई बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली. "आता ह्या काय आसा, बघा," म्हणाली आणि चादर ओढली.

तांदळाचा डबा होता. रेशनच्या तांदळाचा, पत्र्याचा, वर पितळी माप पालथं घातलेला, आणि मागे चुलीपर्यंत पाट मांडून ठेवलेले.

"तुमचो डबो सकाळीच हरेश्वर घेवन गेलो," जाई म्हणाली. "चार माणसा लागली उचलूक."

कोणी हात खाली घेईना. मला वाटतं, विसरलोच होतो. सहा बाप्ये हात वर करून तांदळाच्या डब्याकडे बघत बसलेले. आणि घूं येत होती. तांदळातून येत होती. मी उठून खिडकीत गेलो, तिथेही येत होती. कान दाबले, तर आणखी मोठी झाली.

कुशाबाने हळूहळू हात खाली घेतला. "मला वाटलं, मलाच येतीया," म्हणाला. "संपापास्नं. कुणाला सांगायचं? म्हटलं, तुमच्या डब्यात निघाली, बरं झालं."

शिवा हसायला लागला. मग सगळेच. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बावीस वर्षं चारशे साच्यांनी कानात भरलं, आणि साचे थांबले तेव्हा आतलं थांबलं नाही. त्यासाठी मी सहा ट्रान्झिस्टर जाळले.

ते गेल्यावर जाईला म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"संपाच्या आदीपासून तुमका आयकाक कमी येता. म्हणान तर समोर येवन बोलतंय." मग म्हणाली, "माका गावाक जावचा आसता, तर गप बसलंय असतंय. डबो दिलंय नसतंय."

मी दीड महिना उलटंच धरून चाललो होतो.

संध्याकाळी आम्ही आठजण कोळीवाड्यात गेलो. जाई आणि शिवाची बायको मीराबाई पुढे, साचेवाले मागे. मांडवात माझा डबा खुर्चीवर ठेवला होता, त्याला झेंडूचा हार घातला होता. बेंजो असा वाजत होता की पायाखालची जमीन हलत होती. हरेश्वर हळदीने पिवळा झालेला, मला मिठी मारून काहीतरी ओरडला. मी ओठ वाचले: "चार नाय, पाच पारट्या!"

मी स्पीकरच्या पुढ्यात उभा राहिलो. सव्वा वर्षात पहिल्यांदा घूं ऐकू येत नव्हती. एवढ्या गोंगाटात ती कुठच्या कुठे बुडाली होती. साचे चालू असताना अशीच बुडालेली असणार. मला फार बरं वाटलं. कुशाबाकडे बघितलं, तर तोही डोळे मिटून स्पीकरला टेकून उभा होता, आणि नवरीची आई त्याला बाजूला व्हा म्हणून सांगत होती.

२५ मे, बुधवार

परळच्या हॉस्पिटलात कान दाखवला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कुठे कामाला, विचारलं. साचेखातं म्हटल्यावर पुढचं काही विचारलं नाही, कागदावर आपणच लिहीत गेल्या. औषध नाही म्हणाल्या. सवय होईल. बाहेर बाकावर ओळखीचे चौघे बसले होते. बसल्या बसल्या रस्त्यापलीकडच्या माणसाशी त्यांचं बोलणं चाललं होतं.

१२ जून, रविवार

दुसरा डबा गेला. तिसरा अर्धा झाला. रेग्युलेटर पहिल्यासारखाच, एक हमाल, एक झेनर. हेमचंद्र म्हणाले तेवढंच पुरे. हरेश्वरने मात्र आपला मोठा पॉवर सप्लाय परत द्यायला नकार दिला. त्याची बायको त्यावर दही लावते.

प्रत्येक डब्याच्या आत मी एक चिठ्ठी चिकटवतो, गिरणीत कापडाच्या ताग्याला असायची तशी. बनवणार: गुणाजी. तपासणार: सौ. जाईबाई. ती डब्याला कान लावते, हाताने खूण करते, तोवर मी श्वास रोखून बघत राहतो. काल एक डबा तिने परत केला. घूं होती म्हणे. मला नेहमीचीच वाटली. उघडून बघितलं तर खरंच एक सांधा कच्चा होता.

घूं आता लिहितानाही येते आहे. येऊ दे.

आणि एक. आमच्या खोलीला लाकडी फळ्यांची जमीन आहे. साचेखात्यात पाठीमागचा साचा बंद पडला तर तो आम्हाला कानाने नाही, तळपायाने कळायचा. आज सकाळी मी झेनर जोडत होतो, पाठ चुलीकडे. तळपायाला फळी जराशी दबल्याचं लागलं. एक पाऊल, मग दुसरं. जाई पीठ मळायचं टाकून मला काही सांगायला निघाली होती.

ती वळसा घालून समोर येण्याआधी मीच वळून बसलो. ती जागीच थांबली, पिठाचे हात तसेच. काय सांगायचं होतं ते विसरली.